नकाराचा थांबा

मी 'नाही' म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" हेरंब सर म्हणाले. "किती सहज आला बघा नकार. मला हेच हवं होतं."

"सर, मी खरंच नाही म्हणतेय. मला आत जायचं नाही. कुणीच जायचं नाही. आणि ती मशाल तर अजिबात पेटवायची नाही."

"ऐका, ऐका." सर बाकीच्यांकडे वळले. "नायक नुसता घाबरत नाही, तो इतरांनाही थांबवू बघतो. वृंदा, तुझ्या कादंबरीत ही जागा कच्ची होती. आता घरी गेल्यावर नीट लिहून काढ."

आम्ही कोंढारवाडीच्या वरच्या डोंगरात एका घळीच्या तोंडाशी उभे होतो. माघाचे दिवस होते आणि उन्हाला चटका यायला लागला होता. घळ म्हणजे दोन काळ्या कड्यांमधली फट. शेजारी शेजारी दोघं चालले तर खांदे दगडाला घासतील, एवढीच रुंद. आतून गार वारा येत होता आणि वाऱ्याबरोबर एक आवाज येत होता, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. सगळ्यांना तो वाऱ्याचाच वाटत होता. मला तो आवाज ओळखीचा होता.

आम्ही तिथे काय करत होतो, ते आधी सांगते. हेरंब सोवनी अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहायचे. शापित राज्यं, बोलणारे पहाड, मंतरलेल्या तलवारी. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. मीही त्यातलीच. पुढे मी बँकेत चिकटले, पण घरी कपाटात एक अर्धी कादंबरी होतीच. सर वर्षातून एकदा आमच्यासारख्या हौशी मंडळींची कार्यशाळा घ्यायचे. मला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा मी आईला पेढे आणायला लावले होते.

सरांचं म्हणणं साधं होतं. जगातल्या सगळ्या अद्भुत गोष्टी एकाच वाटेने जातात. घरी सुखात असलेल्या माणसाला हाक येते. तो आधी नाही म्हणतो. मग गुरू भेटतो, उंबरठा ओलांडला जातो, कसोट्या होतात, सगळ्यात अंधाऱ्या जागी मरणाशी गाठ पडते आणि काहीतरी कमावून तो घरी परततो. या टप्प्यांना सर 'थांबे' म्हणत. वाटेवरची माणसंही ठरलेली: नायक, गुरू, उंबरठ्यावरचा राखणदार, विदूषक, रूप बदलणारा बहुरूपी, आणि नायकाचीच काळी बाजू असलेली सावली. "नावं बदला, मुलूख बदला," सर म्हणायचे, "ही माणसं बदलत नाहीत."

इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण सर नुसतं शिकवून थांबत नसत. शेवटच्या दिवशी ते सगळ्यांना डोंगरात न्यायचे आणि ती वाट पायांनी चालायला लावायचे. सकाळी तांब्याच्या कळशीतून चिठ्ठ्या निघायच्या. ज्याला जी येईल ते त्याचं पात्र. त्या क्षणापासून संध्याकाळी परत जीपमध्ये बसेपर्यंत कुणी आपलं पात्र मोडायचं नाही. तहान लागली तरी तहानलेल्या राखणदारासारखं पाणी मागायचं. एका वर्षी एकजण पाय मुरगळून ओरडत होता आणि बाकीचे त्याला 'कसोटी, कसोटी' म्हणून धीर देत होते. हा किस्सा सर स्वतःच हसत हसत सांगायचे आणि आम्हीही हसलो होतो.

त्या दिवशी नायकाची चिठ्ठी मला आली. पुष्कर लोणकर विदूषक झाला. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, दिवसभर डॉक्टरांच्या दारात बसून विनोद करायची सवय, त्यामुळे त्याला वेगळं काही करावंच लागलं नाही. मीनल वैद्यला राखणदार आला. ती पोरगी इतकी मऊ की रिक्षावाल्यालाही अडवणार नाही. बहुरूपी आणि सावली दोन कॉलेजच्या मुलांकडे गेले. गुरूची चिठ्ठी कळशीत नसायचीच. गुरूची म्हणून ठरलेली करड्या रंगाची शाल सरांच्या खांद्यावर आधीपासूनच असायची.

आणि ठरलं असं होतं, की नायकाने घळीच्या तोंडाशी मशाल पेटवायची आणि एकट्याने आत जायचं.

मी परत वर पाहिलं. कड्याच्या कपारीखाली काळे डाग दिसत होते. एकेक सुपाएवढा. त्यांच्यावरून मधूनच एक लाट सरकायची, काळ्या मखमलीवरून कुणी हात फिरवावा तशी. दगडावरून लाट सरकत नाही.

"सर, पात्र बाजूला ठेवा आणि जरा वर बघा," मी म्हणाले. "ती आग्या मोहोळं आहेत. एक नाही, ओळच्या ओळ आहे. खाली धूर झाला तर उठतील."

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. खरंच पाहिलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण त्यांना वर काय दिसलं कोण जाणे, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"राक्षस!" ते म्हणाले. "मी तुम्हाला घळ दिली, राक्षस दिला नव्हता. तो हिने स्वतः शोधला. याला म्हणतात नायक."

"सर, माझ्या मामाच्या लग्नात फटाक्याच्या धुराने पिंपळावरचं मोहोळ उठलं होतं. वऱ्हाड उसात पळालं. मामाचे चुलते म्हातारे होते, त्यांना पळता आलं नाही. अक्षता पडायच्या ऐवजी त्यांचं प्रेत घरी आणलं. मी तेव्हा आठवीत होते. हाच आवाज होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, पोचलं एकदाचं.

"पूर्वकथा," सर हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नायकाची जुनी जखम. वृंदा, हे तू आत्ता रचलंस?"

"रचलं नाही हो!"

"रचलं नाही असंच वाटलं पाहिजे. शाब्बास."

लांडगा आला रे म्हणून खोटं ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. मी एकदाही खोटं ओरडले नव्हते, आणि तरी माझी गत त्याच्यासारखीच. मी मीनलचा दंड धरला. "मीनल, तू राखणदार आहेस ना? मग अडव सगळ्यांना. आत जाऊ देऊ नकोस."

मीनलने लगेच दोन्ही हात पसरले. "थांब, वाटसरू! या उंबरठ्यापलीकडे तुझं काही नाही. परत फीर!" आणि मग माझ्या कानाशी, "बरं केलं ना गं? सकाळपासून पाठ करत होते."

पुष्कर पोट धरून हसला. मी चिठ्ठी काढून टराटरा फाडली. टाळ्या. मी ओरडले, "सोवनी, कान आहेत का तुम्हाला?" असं सरांच्या तोंडावर कुणी कधी बोललं नव्हतं. कॉलेजच्या मुलांनी जीभ चावली, पण सर मान डोलवत राहिले. रागाचा थांबा वेगळा नसतो, म्हणाले, तो नकारातच धरायचा.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मोहोळाची वाटत होतीच, ही निराळी होती. मी काहीही बोलले तरी ते त्यांच्या गोष्टीत बसत होतं. रडले तर नायक रडतो. गप्प बसले तर नायक विचार करतो. पालथ्या घड्यावर पाणी पडलं तर निदान वाहून जातं. इथे माझा प्रत्येक शब्द ते आवडीने पीत होते आणि मी होते तिथेच होते.

मशाल खडकाला टेकवून ठेवली होती. काठीला गुंडाळलेल्या चिंध्या रॉकेलने ओल्या झालेल्या. शेजारी काडेपेटी. मी काडेपेटी उचलली आणि दरीत भिरकावली.

"अरे वा," पुष्कर म्हणाला. त्याने खिशातून लायटर काढून माझ्यासमोर नाचवला. "देवी, विदूषकाकडे नेहमी एक जास्तीचं असतं."

"पुष्कर, तुझ्या पोरीची शपथ. दे तो इकडे."

तो क्षणभर चाचरला. त्याची मुलगी तेव्हा रांगत होती. त्याने वर पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. आता मागे वळून बघताना वाटतं, तो लायटर माझ्या हातात येण्यात एका बोटाचं अंतर होतं.

"विदूषका, पात्र सांभाळ," सर म्हणाले. आवाज मऊ होता. "मी श्रावणात येऊन ही घळ शेवटपर्यंत पाहून गेलोय. आत साधा कोळी नव्हता. मी माझ्या मुलांना कुठेही नेईन का?"

पुष्करने लायटर खिशात टाकला. श्रावणात मोहोळं नव्हती, ही गोष्ट खरीच होती. दिवाळीनंतर येऊन बसतात ती. पण हे बोलून उपयोग नव्हता, कारण 'दिवाळीनंतर येऊन बसतात' हेही वाक्य राक्षसाला छान शोभलं असतं.

मग मला शिदूभाऊ आठवले. खाली पायथ्याशी जीप घेऊन बसलेले आमचे ड्रायव्हर. त्यांना चिठ्ठी मिळालेली नव्हती. त्या अख्ख्या डोंगरात गोष्टीबाहेरचा तेवढा एक माणूस होता. त्याने येऊन सांगितलं असतं, तर सरांना ऐकावंच लागलं असतं.

मी पाठ फिरवली आणि पायवाटेला लागले.

"वृंदा कुठे निघाली?" मीनलने विचारलं.

"घरी," सर म्हणाले. ते खुशीत होते. "जाऊ द्या तिला. नायकाने परत जायला हवंच. त्याशिवाय परत येणार कसा?"

मी धावत उतरले. वाट सगळी मुरमाड, दोनदा घसरले, एक कोपर सोलवटलं. शिदूभाऊ जीपच्या सावलीत टॉवेल पसरून आडवे झाले होते. मी हाका मारल्या तसे डोळे चोळत उठले.

"शिदूभाऊ, चला वर. घळीत आग्या मोहोळ आहे आणि हे लोक खाली मशाल पेटवणार आहेत. माझं कुणी ऐकत नाही."

शिदूभाऊंनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग मिशीत हसले.

"सकाळी तुमचं सर मला सारथी म्हनलं," ते म्हणाले. "म्हनलं, सारथ्या, रथ सावलीत लाव. आता तुमी आला. बरं मंग, ह्यात मी काय बोलायचं हाय?"

"काही बोलायचं नाही हो! खरं सांगतेय मी!"

"खरंच वाटतंय. लई झ्याक करताय ताई तुमी. माझ्या अंगावर काटा आला बगा."

 आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. त्या मुरमावर बसून मी ओक्साबोक्शी रडले आणि शिदूभाऊ अवघडून उभे राहिले. "आवो, आवो ताई," एवढंच म्हणत.  मग ते माझ्या डोक्यावरून वर डोंगराकडे बघायला लागले.

घळीच्या तोंडातून धूर निघत होता. काळा आणि दाट. थोडा वर जायचा आणि मग कड्याला लागून मोहोळांच्या दिशेने चढायचा.

"ह्ये खरंच पेटवलं की ओ," शिदूभाऊ म्हणाले.

ती मशाल का पेटली, ते मला पुष्करने नंतर सांगितलं. मी परत येईना म्हणून मुलं चुळबुळायला लागली होती. सर म्हणाले, नायकाला वाट दिसायला हवी, आपण त्याला खूण करू. पुष्करला लायटर काढायला धीर होईना, म्हणून त्यांनी तो मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने मशाल पेटवली. मशाल उंच धरून ते माझ्या दिशेने हलवत होते. ती माझ्यासाठी पेटवली होती.

गिरणीचा तो आवाज एकदम वाढला आणि खालपर्यंत ऐकू यायला लागला. घळीच्या वर काहीतरी काळं सुटलं, पसरलं आणि खाली आलं. मग किंकाळ्या ऐकू आल्या. पहिली मीनलची होती.

शिदूभाऊंनी जीपच्या टपावरची सामानाची ताडपत्री ओढून काढली. मला म्हणाले, "ओढणी डोक्याला गुंडाळा आन् माझ्यामागं ऱ्हावा." आम्ही वर निघालो. मला जायचं नव्हतं. हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. माझा प्रत्येक पाय नको म्हणत होता, मामाचे ते चुलते डोळ्यांसमोर येत होते, आणि तरी मी चढत होते, कारण वर ओरडणारी माणसं माझ्या ओळखीची होती. त्यात शौर्यबिर्य काही नव्हतं. तुमच्या घरचं कुणी विहिरीत पडलं तर तुम्ही काठावर थांबून थांबे मोजत बसत नाही.

कॉलेजची मुलं वाटेत भेटली, करवंदीच्या जाळीत तोंड खुपसून पडलेली. पुष्कर वाटेखालच्या एका डबक्यात गळ्यापर्यंत बसला होता आणि सारखं डोकं पाण्यात घालत होता. शिदूभाऊ त्याला ओरडून सांगत होते की हात हलवू नको. माझ्या कपाळावर पहिली नांगी बसली तेव्हा मला तापलेला खिळा ठोकल्यासारखं झालं. नंतरच्या मी मोजल्या नाहीत.

मीनल घळीच्या तोंडाशी उकिडवी बसलेली सापडली. अंगावर करडी शाल होती, डोक्यापासून पायांपर्यंत नीट गुंडाळलेली, कडा खाली दाबलेल्या. तिला हातांवर तेवढं चावलं होतं. सर तिच्याशेजारी कड्याला टेकून बसले होते, अंगात नुसता पातळ सदरा. त्यांनी शाल तिला दिली होती. सर माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी नेहमी सांगते. पण ती शाल हेरंब सोवनींनी दिली की गुरूने दिली, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यांना ताडपत्रीत गुंडाळून शिदूभाऊंनी पाठीवर घेतलं. मी मीनलला ओढत आणलं. जीपच्या काचा वर करून आम्ही सगळे आत कोंबून बसलो आणि शिदूभाऊंनी गाडी अशी हाणली की दगडांवर टायर फुटेल असं वाटलं. सरांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. पापण्या सुजून मिटल्या होत्या, ओठ जांभळे झाले होते, श्वास शिट्टीसारखा येत होता. मी त्यांच्या मानेतून नांग्या खरवडून काढत होते.

"सर," मी म्हणाले. "सर, ऐकू येतंय का?"

एक डोळा किंचित उघडला. त्यांनी मला ओळखलं.

"आलीस," ते म्हणाले.

"सर, मी तुम्हाला सांगत होते. ती मोहोळं होती. मी 'नाही' म्हणत होते ते खरंखुरं 'नाही' होतं." मला थांबता येत नव्हतं. माणूस मरायला टेकलाय हे दिसत असूनही मला त्या क्षणी त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. "तुम्हाला आता कळलंय ना? नुसती मान हलवा. मी खरं बोलत होते, एवढं तरी म्हणा."

सरांचे ओठ हलले. मी कान खाली नेला.

"नकार," ते म्हणाले. "फार छान... पटला."

त्यांनी माझा हात शोधला आणि थोपटला, एखाद्या मुलाला बरं वाक्य सुचलं की थोपटायचे तसा. मीनल रडत होती. पुढे बसलेला पुष्कर मागे वळून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला कळलंय. त्याला आता सगळं कळलं होतं. पण मला ते त्याच्याकडून नको होतं.

"सर, पात्र नाही हो," मी म्हणाले. "मी वृंदा."

तालुक्याचा दवाखाना यायच्या आत ते गेले. शोकसभेत सगळे म्हणाले की सरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. होतं, मी पाहिलंय. त्यांच्या नायकाने नकार दिला होता आणि त्यांचा नायक परत आला होता. त्या सबंध दिवसात जी वृंदा त्यांचा जीव वाचवायला घसा फोडत होती, तिची आणि त्यांची भेट मात्र झालीच नाही.